दोन सेकंदांची ज्योत

आमच्या लॅबमध्ये प्रयोग चालतो दोनेक सेकंद आणि तयारी दिवसभर. मग उरलेल्या वेळात किस्से साचणारच, यार.

काम सांगायला सोपं. फरीदाबादजवळच्या आमच्या टॉवरवरून एक बंद डबा खाली सोडायचा आणि पडता पडता आत ज्योत पेटवायची. पडताना आत वजन उरत नाही, अंतराळात असल्यासारखं. तिथे ऑक्सिजन किती कमी केला की ज्योत तग धरत नाही, ते शोधायचं. शोधता शोधता आमच्या प्रमुख जोगळेकर मॅडमचे केस पांढरे झाले. माझे गेलेच.

*

फायर सेफ्टीचा इन्स्पेक्टर आला. इथे काय बनतं म्हणाला. आग, मी सांगितलं. किती वेळ जळते? दोन सेकंद.

त्याने टॉवरकडे वर बघितलं, मग माझ्याकडे. "इतनी देर में तो हमारी गाड़ी का गेट भी नहीं खुलता." चहा न घेताच गेला.

*

करोल बागेतली मावशी माझं लग्न जमवत होती. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा करतो काय? मावशीने सांगितलं, "वरून डबे टाकतो. पण नोकरी सरकारी आहे."

जमलं.

*

एका जानेवारीत सगळं जुळून आलं. डबा सुटला, खालच्या फोममध्ये नीट बसला. डबा उघडून बघतो तर थंडीने कॅमेऱ्याच्या बॅटरीने आधीच मान टाकलेली. मॅडम काळ्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "चला, परत भरा ऑक्सिजन," एवढंच म्हणाल्या.

*

प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली, ती अशी.

टॉवर चालू ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवायला पाटील नावाचे अधिकारी आले. मूळचे अकोल्याचे, राहायला सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये. आम्ही त्यांना काचेसमोर उभं केलं. नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. बोलणं संपवून म्हणाले, "हं, सोडा आता."

"सुटला, साहेब," मी म्हणालो.

परत तयारी करायची तर संध्याकाळ झाली असती. म्हणून मॅडमनी रेकॉर्डिंगच लावलं, अगदी हळू. अंधारात ज्योत उमलली. उंच नाही, पिवळी नाही; निळी, गोल, मण्यासारखी. इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये इथे खाली ती पेटतसुद्धा नाही, मॅडम म्हणाल्या. मग स्क्रीन काळा झाला.

साहेबांनी परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. फोन वाजला, तो त्यांनी न बघताच बंद केला.

"मॅडम, ही विझली का पण?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

"विझली नाही हो. जमीन आली."