घळ सोडून कातळावर

माझे वडील दुसऱ्यांच्या काजूबागा राखायचे. स्वतःची जमीन म्हणजे घरामागचा एक भाताचा कुणगा, तोही पावसाळ्यात व्हाळाचं पाणी चढलं की निम्मा वाहून जायचा. आई तोंडवलीची, समुद्रावरची. लग्न होऊन या डोंगरात आली आणि पहिलं वर्षभर रोज संध्याकाळी विचारायची म्हणे, "हंय वारो खंयसून येता?" वारा येतच नव्हता. जंगल अंगावर आल्यासारखं उभं असायचं. पेज, कुळथाची पिठी, कधी सुका बांगडा. त्याची लाज मला कधी वाटली नाही, आजही नाही. राग मात्र एका गोष्टीचा होता. ती म्हणजे गावपळण.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. सावंतवाडीहून येणारी एसटी जिथे शेवटची थांबते, तिथून पुढे चालत आमचं गाव. दर पौषात देवाचा हुकूम झाला की तीन दिवस आणि तीन रात्री अख्खं गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं शिवेबाहेर. तिथे झाडांखाली मांडव घालून राहायचं. गावात चूल पेटवायची नाही, एखादी गोधडी विसरली तर आणायला परत जायचं नाही. किनाऱ्याकडच्या काही गावांतही ही चाल आहे, ती काही वर्षांनी येते. आमच्याकडे दरवर्षी. हल्ली शहरातले लोक कॅमेरे घेऊन बघायला येतात आणि म्हणतात, किती छान, सगळ्या गावाची सहल!

सहल ज्यांची होती त्यांची होती. गावपळणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरातला पुरुष शिवेबाहेर जाऊन जागा धरतो. जमिनीवर झाडाचा टहाळ ठेवला की ती जागा त्याची. पण टहाळ ठेवायचा क्रम मानाचा. आधी मुख्य मानकरी, मग बाकीचे मानकरी, मग त्यांचे भाऊबंद. माळावरची किंजळीची झाडं, झऱ्याजवळची सपाटी, सगळं त्यांच्यात संपायचं. माझे पणजोबा बाहेरून येऊन इथे राहिलेले, म्हणजे आम्ही चार पिढ्यांनंतरही उपरे. आमच्या वाट्याला घळ. दोन टेकड्यांच्या मधली ओली, काळोखी चीर. ऊन तिथे उशिरा यायचं आणि लवकर जायचं. पौषाची थंडी वरून ओघळत खाली यायची आणि आमच्यातच साठायची. पहाटे गोधडी पिळली तर पाणी निघेल अशी.

त्या घळीत माझ्या पाठची बहीण आजारली. ती अजून बसायलाही शिकली नव्हती. दुसऱ्या सकाळी तिचा श्वास वाजू लागला. वडील माळावर गेले आणि मानकऱ्यांना म्हणाले, "पोराक घेवन वर येवक देवा. खंयच्याय कोपऱ्यात रवतंव."

वरून उत्तर आलं, "जागा बदलूची नसता. तुका म्हायत नाय?"

वाईट बोलले नाहीत. एकाने तर आल्याचा काढा दिला. पण जागा दिली नाही. काढ्याने उतार पडेल म्हणून आम्ही थांबलो. गाव परत भरलं तेव्हा तिला घरी आणली आणि तिथून सावंतवाडीला नेली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. तिला घेऊन परत आलो ते पुरायलाच. आई त्यानंतर कधी रडली नाही, निदान आमच्यासमोर. दर पौषात बोचकी बांधताना तिचे हात थांबायचे, तेवढंच.

आम्ही त्याच घळीत जात राहिलो. न जाऊन काय करणार? गावपळणीत मागे राहिलेल्या घराला गाव वाळीत टाकतं.

मी शिकले. बारावीनंतर सावंतवाडीच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी. ए. केलं. आमच्या घरात, आणि घळीत राहणाऱ्या कुठल्याही घरात, ती पहिली पदवी. पहाटेची एसटी, डब्यात भाकरी, आणि वर्गात तोंड उघडलं की मालवणी ऐकून हसणाऱ्या मुली. मी हे मिरवते, कारण मला ते कुणी दिलेलं नाही. आता कुडाळजवळच्या एका शाळेत शिकवते.

भावाचं लग्न झालं. पुढच्या दिवाळीनंतर वहिनीला मुलगी झाली. पौष येईपर्यंत ती जेमतेम मान धरू लागली होती. मी सुट्टीत घरी आले तर आई माजघरात बसून त्या पोरीला तेल लावत होती. मला बघून म्हणाली, "माका खंयय चलात. फकत घळ नको."

एवढंच. आयुष्यात तिने मागितलेली मला आठवणारी ही एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी, वडील, भाऊ आणि पोरीला छातीशी धरलेली वहिनी शिवेबाहेर जागा बघायला निघालो. वडिलांची नाराजी पावलांत दिसत होती. ते पुढे चालत आणि मागे न बघता बोलत.

"हेका शोभता? मानकऱ्यांच्या आधी जागा बघतंव ती?"

"बघूक कोण नको म्हणता, बाबा? धरूक नाय बघतंव," मी म्हटलं.

पहिली जागा झऱ्याच्या खालच्या अंगाची आंब्याची राई. सावली, पाणी, सगळं हाताशी. वडिलांना ती पसंत. पण पाण्याकाठच्या चिखलात गव्यांचे खूर उमटले होते, ताजे, आणि झाडांची साल त्यांनी अंग घासून गुळगुळीत केली होती. गव्याच्या वाटेत पोर झोपवायचं? भाऊ म्हणाला, "गवो काय करता? मेलो आपल्या वाटेन येता आणि आपल्या वाटेन जाता." तरी आम्ही पुढे निघालो.

दुसरी जागा बांबूच्या बेटाशेजारची. वारा अडत होता, जमीन कोरडी होती. पण बांबू वाळून कडकडीत. बाजूला चूल पेटवली आणि ठिणगी उडाली की संपलं. तिसरी सागाखालची. तिथे पानांचा थर इतका जाड की खाली काय आहे ते काठीने बघावं लागे, आणि हल्ली त्या पानांतल्या गोचिडींनी माकडताप येतो हे आमच्या भागात शेंबडं पोरही जाणतं. त्या वर्षी पलीकडच्या वाडीत मेलेलं माकड सापडलं होतं. वहिनी सागाखाली पाऊलही टाकेना.

उन्हं कलली तेव्हा आम्ही रस्त्याकडच्या कातळावर पोचलो. हा काळ्या दगडाचा पसरट सडा शिवेच्या बाहेर आहे, डांबरी रस्ता तिथून दिसतो. झाड एकही नाही. पाणी लांब. गावातल्या कुणी तिथे मांडव घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं, कारण दगडात मेढ रोवता येत नाही.

भाऊ हसायला लागला. "हंय आमका पापड म्हणान वाळत घालतंस काय गो?"

"दिवसाच्या उन्हान कोण मेला नाय आमच्यात," मी म्हटलं.

मी सांगितलं, दगड दिवसभराचं ऊन पोटात धरतो आणि रात्री हळूहळू सोडतो. सावली आपण टहाळांनी करू शकतो. घळीत ऊब कुठून आणणार? आणि रस्ता जवळ आहे. वडील मान हलवत होते. त्यांना मेढींची काळजी, आणि त्याहून जास्त, कुणाच्याच चुलीचा धूर जिथून दिसत नाही अशा जागी एकटं पडण्याची. "गावाभायर जावचा, पण गावाबरोबर," ते म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं.

तोवर सूर्य गेला. वहिनीने पोरीला माझ्याकडे दिलं, खाली बसली आणि तळहात दगडावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"कोंबडेच्या पोटाखाल असता तसा ऊन आसा," ती म्हणाली. मग वडिलांकडे न बघता, पदर सारखा करत, "मामानू, हंयच."

सुनेने सासऱ्याला जागा सांगायची पद्धत आमच्यात नाही. वडिलांनीही वाकून हात लावला. परत येताना मात्र मागे चालले.

देवळासमोर बैठक बसली तेव्हा वडिलांनी विषय काढला आणि अर्ध्यावरच खाली बसले, म्हणून मी उभी राहिले. मुख्य मानकरी वयस्कर गृहस्थ. पान लावत म्हणाले, "कॉलेजात जागा बदलूची परीक्षा असता काय गो?"

सगळे हसले.

"परीक्षा नाय आबानू. गाव सोडूचो हुकूम देवाचो, तो आमी पाळतंव. घळीत रवाचो हुकूम देवान कधी दिल्यान?"

"घळ तुमका आमच्या पणज्यान दिली. फुकट."

"ती तुमका परत करतंव."

कुणीतरी म्हणालं, कौल घेऊया. मानकऱ्यांनी हात हलवला. "कौल कित्याक? जावंदेत कातळार. एक रात काढली की आपणच खाली येतले." मग वडिलांकडे वळून, "पोरीचा काय झाला तर आमच्या दारात रडूक येव नको."

असा होकार मिळाला. मी तो घेतला.

घळीत आमच्या शेजारी एका म्हाताऱ्या आजोबांचं घर असायचं. आजोबा, त्यांची बायको आणि मुलगा. माझ्या बहिणीला शेकायला त्यांनी आपली लाकडं दिली होती. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, आजोबा, चला आमच्याबरोबर.

ते बिडी विझवत म्हणाले, "मी सगळ्यो गावपळणी थंयच काढलंय. माजी जागा मी सोडूचंय नाय. लोक म्हणतले, म्हातारो चेडवाच्या नादाक लागलो."

"लोकांचा काय?"

"तू जातलंस कुडाळाक. आमका हंय रवाचा आसा."

मी एकटीच परत आले.

कातळावर मेढी रोवता आल्या नाहीत, तर आम्ही दगडांच्या राशी रचल्या आणि त्यांत मेढी उभ्या केल्या. वर टहाळ. दुपारी तो मांडव भट्टीसारखा तापला, भावाने पापडाचा विनोद आणखी एकदा केला आणि कुणी हसलं नाही. पाण्याच्या कळशा आणून वहिनीची मान अवघडली. आई दिवसभर पोरीच्या श्वासाला कान लावून होती, दुसरं काही तिने केलंच नाही. पण पहाटे गोधड्या कोरड्या होत्या. पोरगी घामेजून झोपली होती.

तिसऱ्या सकाळी खालच्या झाडीतून माणसांचा आवाज आला. घळीतून चारजण झोळी घेऊन चढत होते. झोळीत आजोबा. थंडीने छाती धरली होती, घळीत गाडी उतरत नाही, म्हणून रस्त्यापर्यंत खांद्यावर आणायचं होतं. धापा टाकत ते कातळावर आले आणि आमच्या मांडवात टेकले. मी रिक्षावाल्याला फोन लावला, मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, पोरीसाठी. तो लगेच निघाला. आईने आजोबांचे पाय उघड्या दगडावर ठेवले, उन्हात, आणि तळवे चोळू लागली. त्यांनी डोळे उघडून मांडवाकडे बघितलं.

"बरी आसा जागा," ते म्हणाले.

रिक्षा पोचायच्या आत ते गेले. आई तरीही चोळत होती. शेवटी वडिलांनी तिचे हात बाजूला केले.

गावपळण मोडता येत नाही, म्हणून प्रेत गावात नेलं नाही. शिवेबाहेरच दहन झालं. मुख्य मानकरी आले होते. त्यांनी आमच्या मांडवात पाणी मागितलं, पोरीकडे बघितलं आणि उभ्यानेच पिऊन गेले. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं काहीही वाटलं नाही. कुणाला वाटत असेल की वाटलं, तर तो माणूस तिथे नव्हता.

वर्षभर कुणी या विषयावर बोललं नाही. आजोबांच्या बायकोने बोलणं सोडलंच होतं, मुलगा गोव्याला कामाला गेला. पुढच्या पौषात बैठक बसली तेव्हा मी शाळेतून रजा काढून गेले. बोलायला उभी राहिले तर मागून कुणीतरी म्हणालं, "झाला, बाई इली शिकवूक." मुख्य मानकऱ्यांनी त्याला गप्प केलं. "बोल गो चेडवा," ते म्हणाले. आवाज थकलेला होता.

मी थोडकंच बोलले. ज्या घरात तान्हं मूल आहे, गरोदर बाई आहे किंवा आजारी म्हातारं माणूस आहे, त्या घराने आधी टहाळ ठेवावा. मग मानकरी. मानाला धक्का लागत नाही. मान नंतरही राहतो. माणूस राहत नाही.

बरीच कुरकुर झाली. दोन मानकरी उठून गेले, त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही. पण तसं ठरलं, देवासमोर गाऱ्हाणं घालून ठरलं, आणि आता तसंच चालतं. ज्यांना शेवटी जागा उरत नाही ते कातळावर दगडांच्या राशी रचून मांडव घालतात. आमच्या गावपळणीत घळीत कुणीही राहत नाही.