आबांना पंपाचा भरवसा नव्हता

चिन्मय, रेवा, तुमचे आबा गेल्याचं सर्जननी मला इंग्रजीत सांगितलं. मला इंग्रजी येतं, तरी वाटलं, हे काहीतरी गुंडाळून देताहेत...

संशय खरं तर आबांचा. कट्टा गावच्या बाजारात कल्ला उघडून ताजेपणा बघितल्याशिवाय त्यांनी कधी बांगडा घेतला नाही. विहिरीवर पंप बसवून वर्षं झाली, तरी रहाटाला दरवर्षी नवा दोर आणायचे आणि कळशी सोडण्याआधी त्याला एक हिसका द्यायचे. मी हसायची. ते म्हणायचे, "हस गो! लाईट गेली काय माझ्याकडेच येतलंस."

आबांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी समजावलं. नंतर हृदय अशक्त राहिलं, तर आधार दोन तऱ्हांनी देता येतो. एक, शिरेतून औषधं, ती हृदयाला जोर लावायला भाग पाडतात. दुसरा, मांडीतून महाधमनीत सरकवलेला फुगा. तो यंत्रावर फुगतो, मिटतो आणि हृदयावरचा भार हलका करतो. याला बलून पंप म्हणतात. 'पंप' ऐकताच आबा उठून बसले.

"आणि लाईट गेली तर?"

"बॅटरी असते, आजोबा."

"आमच्या इन्व्हर्टराक पण आसा. गणपतीत काय झाला, ता हिका इचारा!"

सगळे हसले. पण आबा हसले नाहीत. "पैली औषधां देवन बघा. पंप मागाहून."

झालंही तसंच. ऑपरेशननंतर औषधं सुरू झाली, वाढवली, मग ठोके बिघडले. फुगा दुसऱ्या दिवशी घातला. तोवर...

मी सर्जनना विचारलं, "त्यांच्या बोलण्यामुळे थांबलात का?"

"थट्टेवर आम्ही उपचार ठरवत नाही, आजी. फुग्याने पायाचा रक्तपुरवठा अडू शकतो, औषधांनी ठोके बिघडू शकतात. आधी कोणतं, याला एकच उत्तर नाही."

उत्तर बरोबर असेल. पण ते फार पटकन आलं. आणि आबा थट्टा करत नव्हते, हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. तुमचे बाबा म्हणतात, आई, आता सोड. कसं सोडू?

परवा लाईट गेली. मी रहाटाकडे गेले. दोर नवाच होता, इस्पितळात जाण्याआधी त्यांनीच आणून बांधलेला. कळशी सोडण्याआधी माझ्या हाताने त्याला एक हिसका दिला. दोर पक्का होता.

तरी मी आणखी एक दिला.