डोळखांबला माझ्या नाकाची परीक्षा

या सहलीला कारण ठरली सुधीरची एक चेष्टा. सुधीर म्हणजे माझा नवरा. गेले सहा महिने मी रोज सकाळ-संध्याकाळ चार बाटल्यांचा वास घेते: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. डोळे मिटायचे आणि एकेका वासाकडे वीस सेकंद नीट लक्ष द्यायचं. मला कसलाही आजार नाही. पण आईची स्मरणशक्ती जाण्याआधी तिचं नाक गेलं होतं. आमटी करपून घरभर धूर झालेला आणि ती शेजारी शांतपणे शेंगा सोलत बसलेली, हे मला अजून दिसतं. अठ्ठावन्नावं लागलं तशी मी धास्तीच घेतली. डॉक्टर म्हणाले, "सराव करून बघा. निरोगी माणसाच्या मेंदूला त्याचा किती फायदा होतो यावर अजून अभ्यास चालू आहे. खात्री मी देणार नाही." मी तरी बाटल्या आणल्या. जन्मभर मुलांना गृहपाठ दिला, आता स्वतः कसा चुकवणार?

तर एका रविवारी सुधीरने गुपचूप बाटल्यांचा क्रम बदलला आणि मी मिटल्या डोळ्यांनी लवंगेला ऐटीत "लिंबू" म्हणाले. तो खो खो हसला. पाच महिने मी वास घेत होते की नुसते पाढे म्हणत होते? की आईचंच माझ्यात सुरू झालं? दिवसभर मी त्याच बाटल्या पुन्हा पुन्हा हुंगत होते. संध्याकाळी तोच नरमून म्हणाला, "चल, कुठेतरी जाऊ. खऱ्याखुऱ्या गोष्टींचा वास घे." माझ्या शाळेतल्या सहशिक्षिका वैशालीचं माहेर डोळखांबजवळच्या एका पाड्यावर आहे. "आई सध्या मोह वेचतेय, खुशाल जा," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी सहा वाजता डोंबिवली सोडली. नाशिक हायवेवर जागोजागी कामं चालू आहेत, त्यामुळे शहापूरपर्यंत दोन तास धरा. गाडी नसेल तर आसनगावला उतरून रिक्षाने शहापूर आणि तिथून डोळखांबची एसटी. एसटीच्या वेळा मात्र आधी विचारून घ्या. वैशालीची आई जेवणाचे पैसे घेणार नाही हे माहीत होतं, म्हणून शहापूरच्या बाजारात चहा, साखर, कांदे-बटाटे भरून घेतले. शेणवे गावाच्या पुढे वळणं आणि खड्डे दोन्ही वाढतात. एप्रिलचं ऊन असतं, पाणी भरपूर ठेवा.

यमुनाताई, म्हणजे वैशालीची आई, साठीच्या पुढची, काटक आणि मिश्कील. अंगणभर मोहाची फुलं वाळत घातलेली. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि वर ताक. असं जेवण झाल्यावर माणसाने गप्प झोपावं, पण मी पडवीत बाटल्या मांडून त्यांना सराव समजावायला बसले. मास्तरकी जात नाही.

"असा हाय होय," त्या म्हणाल्या. "मग माझ्या घरातला सांगा बघू. डोला मिटा."

एकेक वस्तू फडक्यात धरून त्यांनी माझ्या नाकाशी आणली. पहिली गोडसर, म्हणून मी "मनुका" म्हटलं. तो मोह होता, समोर अंगणभर पसरलेला! खुरासणीला, म्हणजे कारळ्यांना, मी तीळ म्हणाले. मोहट्याच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाला काही नावच सुचेना. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेल्या राबाची माती मला उदबत्तीची राख वाटली. पाचवी सुकट होती. ती ओळखली नसती तर डोंबिवलीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

सुधीर हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आईचं सगळं मी यमुनाताईंना सांगून टाकलं. सुधीरलाही जे कधी धड सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की मला रोज भीती वाटते.

त्यांनी ऐकून घेतलं. समजूत वगैरे घातली नाही. "आनि आता मला तुमच्या बाटल्या द्या," म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

गुलाब. "लग्नात शिंपडतात ता पानी."

लिंबू. "भांडी घासायचा साबन."

लवंग. "दाढ दुखली का लावतात ता."

निलगिरी. "सर्दीचा बाम."

"चारपैकी शून्य," सवयीने माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी डोळे उघडले. "शून्य कसा गो बाई? सगला वळखला ना मी! तुमच्या कागदावरचा नाव नाय घेतला, येवढाच."

आता सुधीर पडवीत आडवाच झाला हसून. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी मोकळी हसले.

"मोह तुमी कदी वेचलाय?" त्यांनी विचारलं. "नाय ना? मग नाव कुठशी येल? सकाली चला."

उजाडताना झाडाखाली गेलो. फुलं टपटप पडत होती, ओली, जाड, हाताला चिकटणारी. तासभर वाकून वेचताना तो वास बोटांत, पदरात, चहाच्या कपातही आला. न्याहारीनंतर पुन्हा डोळे मिटले. पाचपैकी चार! तेलालाही खुरासणीच म्हणाले, पण मोह आणि राबाची माती पहिल्याच दमात सांगितली. काल माहीत नसलेली गोष्ट आज डोक्यात राहिली होती. माझ्या घाबरलेल्या डोक्याला एवढं पुरेसं होतं. निघताना यमुनाताईंना वाकून नमस्कार केला, तर त्या संकोचल्या आणि माझ्या पिशवीत वाल कोंबू लागल्या.

परतताना मुद्दाम किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा रस्ता घेतला. लांबचा आहे, पण वाहनं कमी. सरळगावच्या नाक्यावर दोघांची मिसळ आणि चहा दोनशेच्या आत झाला. मुरबाडच्या बाजारात मी दर दुकानासमोर थबकत होते आणि सुधीर बिचारा पिशव्या धरून उभा होता.

घरी येऊन महिना झाला. सराव चालू आहे. त्याने मेंदू शाबूत राहील का, हे मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नाही. भीती पूर्ण गेली असं खोटं लिहिणार नाही. पण यमुनाताईंचे मी जन्मभर उपकार मानीन, ते वेगळ्याच कारणासाठी.

शेवटच्या वर्षी आईकडे गेले की मी दर वेळी विचारायची, "आई, सांग, मी कोण?" तिला नाव सांगता यायचं नाही. मी घरी येऊन रडायची. पण मला दारात बघितलं की ती खाटेवर भिंतीकडे सरकायची आणि मला बसायला जागा करायची. नर्स आली, शेजारी आले, डॉक्टर आले, तरी ती जागची हलत नसे. फक्त माझ्यासाठी सरकायची.

आई गेल्यापासून चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की शेवटी आईने मला ओळखलं नाही. आता तसं सांगणार नाही.