वचन कुठं भेटलं?

मला अख्खं बायबल तोंडपाठ आहे. खोटं वाटतं? पहिली ओळ विचारा, शेवटचं 'आमेन' विचारा, धडाधड सांगतो. मधलं बायकोला पाठ आहे! मी सातवी नापास, दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात ड्रायव्हर. एवढं पाठ झालं तेच खूप.

किस्से मात्र बक्कळ. सरकारी क्वार्टर बदलताना माणूस जुन्या चपला टाकून देतो, पण किस्से टाकता येत नाहीत. ते पोत्याच्या तळाशी बसून सोबत येतात. आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेनं तर पोतीच्या पोती भरली.

ही प्रार्थना लक्ष्मीबाई नगरात शिंदेसाहेबांच्या क्वार्टरमध्ये भरायची. साहेब सेक्शन ऑफिसर, मूळचे नगरचे, कडक इस्त्रीच्या शर्टासारखे ताठ. नियम त्यांचाच. शास्त्र वाचून झालं की प्रत्येकानं सांगायचं, हे वचन या आठवड्यात आपल्याला कुठं भेटलं? बसमध्ये, बॉसच्या केबिनमध्ये, गॅसच्या रांगेत, कुठंही. "भेटलं नाही" म्हणायची सोय नव्हती.

त्या वर्षी साहेब रिटायर होणार होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, ही दहा आज्ञांनंतरची सरकारी अकरावी आज्ञा. त्यांच्या मिसेस, आमच्या रूथवहिनी, त्यांना आयुष्यात एकच हवं होतं: ज्यातून पुन्हा कुणी उठवणार नाही असं स्वतःचं घर. साहेबांनी यमुनेपलीकडं, गाझियाबादच्या बाजूला, एक फ्लॅट बुक केला होता. आधी फ्लॅट तयार होतो की आधी साहेब रिटायर होतात, अशी शर्यत लागली होती.

* * *

आमच्यात बसायला धर्म लागत नसे, भूक लागे. परभणीचा अशोक तसाच यायचा. यूपीएससीच्या तयारीला दिल्लीत आलेला पोरगा, मेसच्या राजम्याला कंटाळलेला. वहिनींचा मटणाचा रस्सा त्याला ओढून आणायचा.

बोलावलेले पुष्कळ पण निवडलेले थोडे, हे वचन निघालं त्या दिवशी अशोक एकदम म्हणाला, "हे मला दरवर्षी भेटतं. प्रिलिमच्या रिझल्टला."

सगळे हळहळले. मी कसला सोडतोय! म्हटलं, "लेका, निवडलेल्यांचं राहू दे. मेन्सचं बोलावणं तरी आलंय का कधी? तू तर बोलावलेल्यांतही नाहीस!"

"आहे ना, काका," तो म्हणाला, "काकूंनी जेवायला बोलावलंय."

* * *

एकदा वाचलं की प्रभू म्हणतो, माझ्या बापाच्या घरी राहायला जागा पुष्कळ आहेत. मी लगेच हात वर केला. "साहेब, तिथंही सरकारी क्वार्टरसारखी वेटिंग लिस्ट असते का? की मंत्र्याची चिठ्ठी आणली की आउट ऑफ टर्न मिळतं?"

साहेब हसणाऱ्यांतले नव्हेत. चष्मा पुसत म्हणाले, "मिळतं. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी टांगलेल्या चोराला त्याच दिवशी मिळालं. तुम्हीही आशा सोडू नका, याकोबराव."

* * *

एका रविवारी उपासना उरकून साहेब, वहिनी आणि मी साइट बघायला गेलो. मोहरीच्या शेतात हा एवढा बोर्ड! त्यावर स्विमिंग पूल आणि पुलात पोहणारं एक गोरंपान कुटुंब. बोर्डामागं चार खांब, एक वाळूचा ढीग, आणि खाटेवर पसरलेला चौकीदार.

वहिनींनी त्याला विचारलं, "भैया, हमारा फ्लॅट कौनसा?"

त्यानं पडल्या पडल्या हवेत बोट दाखवलं. "वो, ऊपर."

वर एक घार फिरत होती. वहिनी बराच वेळ तिकडं बघत राहिल्या.

मी तेवढ्यात माझं काम उरकलं. साहेबांच्या कोटाच्या खिशात मूठभर वाळू सोडली. का, तर येत्या गुरुवारी वाचायचं होतं ते खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्याचं आणि वाळूवर बांधणाऱ्या मूर्खाचं!

गुरुवारी साहेबांनी तोच कोट घातला. वाचायला खिशातून चष्मा काढला आणि वाळू सरळ बायबलच्या पानावर! मी तोंड दाबून हसतोय, अशोक माझ्याकडं बघतोय.

साहेबांनी वाळू बोटानं हळूच बाजूला सारली, चष्मा लावला, सगळं वाचलं. मग म्हणाले, "माझं वचन भेटलं. पुढचे बोला."



* * *

साहेब रिटायर झाले. तोवर खांबांना भिंती आल्या होत्या, पण दारं नव्हती. क्वार्टर ठेवायची वाढीव मुदत मिळाली, तीही संपत आली.

त्या गुरुवारी वाचनात आलं: कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला जागा नाही. मी म्हटलं, "दिल्लीच्या कबुतरांना तर कूलरवर फुकट क्वार्टर आहे, यार!" थोडे हसले.

मग वहिनींची पाळी आली. मीच विचारलं, "वहिनी, तुम्हांला कुठं भेटलं?"

"भेटायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "ते आमच्याकडं राहायलाच आलंय."

आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या दिवशी अशोकनं दुसऱ्यांदा रस्सा मागितला नाही.

* * *

शेवटी मुदत संपली आणि फ्लॅट 'तयार' झाला. म्हणजे पाणी टँकरचं, आणि लिफ्टच्या जागी खड्डा. चौथा मजला! लोखंडी कपाट मी आणि अशोकनं चढवलं. दर मजल्यावर तो "चलो काका" म्हणायचा आणि मी मरायचो.

घर-अर्पणाच्या प्रार्थनेला साहेबांनी त्यांचं लाडकं वचन काढलं: इथं आपल्याला कायमचं नगर नाही, येणाऱ्या नगराची आपण वाट बघतो आहोत. प्रमोशन झालं, क्वार्टर बदललं की दर वेळी ट्रकजवळ उभं राहून ते हेच वाचायचे. आणि भिंत सरकारची म्हणून कुठल्याही क्वार्टरमध्ये त्यांनी वहिनींना एक खिळा ठोकू दिला नव्हता. लग्नाचा फोटो जन्मभर ट्रंकेत.

आमेन झालं. बघतो तर वहिनी स्टुलावर! हातात हातोडी, ओठांत खिळा. अशोक खाली फोटो धरून उभा.

"अगं, प्लास्टर ओलं आहे अजून," साहेब म्हणाले.

वहिनी भिंतीवर हात फिरवून जागा बघत होत्या.

मला राहवलं नाही. "वहिनी, आत्ताच तर वाचलं, इथं आपलं कायमचं काही नाही. मग खिळा कशाला?"

वहिनींनी ओठांतला खिळा काढून भिंतीला लावला. मागं न बघता म्हणाल्या, "वाचायचं काम दर वेळी तुमच्या साहेबांनी केलं, भाऊजी. सामान मी बांधलं."