एकसष्टीचा स्टेक

माझ्या नवऱ्याला स्वयंपाकातलं काही येत नाही, आणि हे त्याला सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते. इथे म्हणणार नाही.

तो चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन डोकं उठलं म्हणत सोफ्यावर आडवं व्हायचं, हा त्याचा दिनक्रम. मध्ये कंपनीने त्याला तीन महिने जर्मनीला पाठवलं. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, अत्तर आणतात. हा एक मत घेऊन आला. मत असं, की आपल्या लोकांना मटण कळतच नाही. आपण ते शिजवून शिजवून त्याचा जीव घेतो आणि वर मसाल्यात बुडवतो. तिकडे कसं, जाड तुकडा घ्यायचा, नुसतं मीठ-मिरी लावायची, निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचा आणि आतून गुलाबी ठेवायचा. सुरी लावली की रस आला पाहिजे. "ज्यूसी," तो म्हणायचा, आणि म्हणताना डोळे अर्धे मिटायचा. हा स्टेक त्याने तिकडे एकाच माणसाच्या घरी, एकदाच खाल्ला होता, हे मला पुढे कळलं. कशाचा होता ते त्याने सासऱ्यांना सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आमचं घर मोशीला. सासरे तिथले जुने गाववाले. जमीन होती ती काही रस्त्यात गेली, काही कारखान्यांत गेली, आणि उरलेल्या तुकड्यावर तीन मजली इमारत उभी राहिली. खाली भाडेकरू, वर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर गच्ची. सासरे अजून स्वतःला शेतकरी म्हणवतात. गच्चीतल्या कुंडीतल्या मिरच्या तोडतात, म्हणून असेल. मी मूळची लातूरकडची. वडील आकुर्डीच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही इकडे आलो, आणि मी या घरात पडले.

लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं ते हे, की सासूबाई बसत नाहीत. म्हणजे जेवायला बसत नाहीत. तव्यावरून भाकरी उतरायची ती आधी सासऱ्यांच्या ताटात, मग लेकाच्या, मग आल्यागेल्याच्या. सगळ्यांचे हात धुऊन झाले की त्या ओट्याला टेकून उभ्या राहायच्या, ताटलीत गार भाकरी कुस्करायच्या, पातेल्याच्या तळाचा रस्सा त्यावर ओतायच्या आणि खाता खाता दुसऱ्या हाताने ओटा पुसायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, बसून जेवा ना." त्या म्हणाल्या, "बसलं की कुनाला तरी कायतरी पायजेच असतं."

त्यांची एकसष्टी आली. शनिवारी पूजा, दिव्यांनी ओवाळणं आणि गोडाचं जेवण, रविवारी भावकीला तिखटाचं, असं ठरलं. वाकडला राहणारी माझी नणंद साडीचं विचारायला आली, तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "साडी नगं. साड्या लई झाल्या. मला एकदा खुर्चीत बसून गरम गरम खायचंय, दुसऱ्या कुनी वाढलेलं. तेवढं करा."

मी तिथेच होते. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. नणंदेला ते भारी गोड वाटलं. तिने ते लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, आणि तिथून माझ्या नवऱ्याच्या अंगात आलं.

"रविवारी आई किचनमध्ये पाऊल ठेवणार नाही," त्याने जाहीर केलं. "मटण मी करणार. स्टेक. आणि आईला पहिला पीस मी वाढणार."

मी म्हटलं, आधी एकदा थोडंसं करून बघ. तो म्हणाला, व्हिडिओ बघितलेत. सासूबाई मात्र खूश झाल्या. लेक आपल्यासाठी चुलीपाशी उभा राहणार, हेच त्यांना पुरे होतं. आमच्याकडे गावजेवणाचं मटण पुरुषच करतात, त्याचं कौतुकही फार असतं. पण कांदे कुणी सोलले, मसाला कुणी कुटला आणि मागची भांडी कुणी घासली हे कुणी विचारत नाही. घरातल्या मटणाला तर पुरुषाचा हात लागतो तो थेट ताटात.

शनिवारच्या पुरणपोळ्या अर्थातच सासूबाईंनी केल्या. आपल्याच एकसष्टीच्या. रविवारी सकाळी आम्ही मटणाच्या दुकानात गेलो, तो निवड करायला आणि मी पिशवी धरायला. दुकानदाराने ताज्या बोकडाच्या मांड्या काढून दिल्या. नवऱ्याने त्याला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला आणि मांडी आडवी, हाडासकट, दोन बोटं जाड कापायला सांगितली.

दुकानदार म्हणाला, "राव, अशा फरश्या पाडून कसं शिजंल? बारीक पीस करून देतो की."

"भाऊ, तुम्ही फक्त कापा."

त्याने कापलं. आमच्या घरात मटण आलं की नळी सासऱ्यांची. ती ताटावर आपटून, तोंडाने ओढून आतला मगज खाल्ल्याशिवाय त्यांचं जेवण पुरं होत नाही. मांडी आडवी कापल्यावर त्या नळीच्या चकत्या झाल्या, एकेका तुकड्याच्या मध्ये एकेक. पिशवीत डोकावून सासरे म्हणाले, "आन् नळी?" हळद-मीठ तरी चोळून ठेवू का, म्हणून मी विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी हात मागे घेतला.

दुपारी गच्चीवर मंडप घातला, भावकी जमली. हॉलमधली हातांची मोठी खुर्ची वर आणून मधोमध ठेवली आणि तिच्यात सासूबाईंना बसवलं. अंगावर लेकीने आणलेली पैठणीच होती, नको म्हणून सांगितलेली. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. कधी पदर नीट करायच्या, कधी खुर्चीचा हात पुसायच्या. दोनदा उठल्या, दोनदा नणंदेने खांद्याला धरून बसवलं. पण हळूहळू त्या टेकल्या. पाठ मागे गेली. मी जिन्यावरून ये-जा करताना ते पाहत होते आणि मनात म्हणत होते, आज हिला गरम जेवू दे, बाकी काही का होईना.

माझी ये-जा चालू होती, कारण मटण तो करणार होता. म्हणजे तो छातीवर इंग्रजी अक्षरं असलेला एप्रन बांधून लोखंडी ग्रिलसमोर उभा होता, आणि कोळसा, काडेपेटी, चिमटा, ताटं, कांदा, काकडी, लिंबू, पुसायला फडकं आणि प्यायला पाणी मी आणून देत होते. भाकऱ्याही मीच केल्या. कोळसा पेटायला तासभर लागला. भावकीतल्या पुरुषांनी भोवती कडं करून त्याला सल्ले दिले. एकानेही वारा घातला नाही.

तुकडे ग्रिलवर पडल्यावर चरबी खाली गळायला लागली आणि जाळ उसळला. चकत्यांमधला मगज वितळून कोळशात गेला. सासरे ते उभ्याने बघत होते. "माजी नळी जळाली," ते म्हणाले, अगदी हळू. त्या क्षणी मला त्यांची दया आली, नेहमी येत नाही.

मग पहिला तुकडा. नवऱ्याने तो ताटात ठेवला, शेजारी भाकरी ठेवली, आणि नणंद मोबाईल घेऊन पुढे झाली. त्याने स्वतः सुरी चालवली. वरून काळं, आतून लालभडक. लाल पाणी ताटात पसरून भाकरीखाली गेलं. "बघा, ज्यूस," तो म्हणाला.

सासूबाईंनी घास तोंडात घातला. त्या चावत राहिल्या. हे मांस चावून संपणारं नव्हतं, मला समोर उभं राहून दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले, ते बघून नणंद म्हणाली, आईला किती भरून आलंय. शेवटी त्यांनी तो घास पाण्याबरोबर अख्खा गिळला.

"छान झालंय रं," त्या म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. त्या शब्दावर विसंबून बाकीच्यांनी ताटं पुढे केली. पहिल्याच घासाला चुलतसासऱ्यांनी तोंडातलं हातावर काढलं, उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "आरं, ह्यो बोकड आजून जित्ता हाय."

"काका, हे असंच खातात."

"कोन खातंय?"

मग तो तुकडे परत टाकू लागला. वरचं काळं आणखी काळं झालं, आतलं लाल होतं ते चामडं झालं. पोरं रडायला लागली, कुणीतरी वडापाव मागवू या म्हणालं. कंपनीत बारीकसा ओरखडा असलेला पार्ट तो बाजूला काढतो म्हणे. इथे ताटंच्या ताटं परत येत होती आणि तो कोळशाला दोष देत होता. तेवढ्यात माझी नजर खुर्चीकडे गेली. खुर्ची रिकामी होती.

खाली आले तर सासूबाईंनी पैठणीचा पदर कमरेला खोचला होता आणि खोबरं भाजायला घेतलं होतं. मी कांदे चिरायला घेतले. तुकडे खाली मागवले, जळकं खरवडून टाकलं, बारीक कापले, वाटण परतलं, दोन कुकर लावले. शिट्ट्या गच्चीपर्यंत गेल्या असाव्यात, कारण वरचा गलका निवला. तास-दीड तासाने रस्सा वर गेला. तो वाढला माझ्या नवऱ्याने. वाढायचं ठरलेलंच होतं ना. एप्रन अंगावर होताच. भावकीतला एक जण भुरका मारून म्हणाला, "राव, मटण झकास केलंय," आणि हा म्हणाला, "थँक यू."

तो थँक यू मी अजून विसरलेले नाही, विसरायचा विचारही नाही.

सगळे गेल्यावर सासूबाई ओट्याला टेकून जेवल्या. गार भाकरी, तळाचा रस्सा. पैठणीच्या काठावर तेलाचा डाग पडला होता. माझ्याने राहवलं नाही.

"आई, कच्चं होतं. छान कशाला म्हणालात?"

त्या कुस्करत राहिल्या. "तुज्या सासऱ्याला बी आसंच म्हनले व्हते. मी तापानं पडले व्हते तवा त्यांनी पिठलं केलं, निस्त्या गुठळ्या. म्हनलं, लई झ्याक. मला वाटलं, हुरूप येईल. तवापासनं चुलीकडं फिरकले न्हाईत. छान म्हनलं की बाप्याचं काम झालं, तो उठून जातो." ओटा पुसत म्हणाल्या, "माजीच चूक म्हनायची."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त बापलेक दोघांचा.

नवऱ्याला काहीच कळलं नव्हतं. आठवडाभर तो फोनवर लोकांना सांगत होता, आईला एवढा आवडला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शनिवारी म्हणाला, कोळसा उरलाय, उद्या घरच्यापुरता परत करू. पुढे म्हणाला, "त्या दिवशी आईला नीट बसून खायलाच मिळालं नाही. सारखी वर-खाली करत होती." हे तो खरोखर वाईट वाटून म्हणाला. एखाद्या माणसाला किती कमी दिसावं याला काही हद्द असते, असं मला तोवर वाटत होतं.

रविवारी गच्चीवर तीच खुर्ची, तेच ग्रिल, तोच एप्रन. सासरे एका बाजूला, मी एका बाजूला. सासूबाई नेहमीच्या साडीत बसल्या होत्या. पहिला तुकडा त्यांच्या ताटात आला, सुरी चालली, लाल पाणी पसरलं.

त्यांनी घास घेतला. दोन-तीनदा चावला. मग तो तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"कच्चं हाय," त्या म्हणाल्या.

नवरा हसला. "आई, हे असंच..."

"कच्चं हाय. त्या दिशी बी कच्चंच व्हतं. खाली ने, बारीक कर, कांदा-खोबरं भाज, कुकर लाव. भाकरी बी गरम आन."

त्याने बापाकडे बघितलं. बापाने माझ्याकडे बघितलं. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं, आणि माझे गुडघे सवयीने उठलेच. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात खरखरीत आणि घट्ट होता.

"तू बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. तो ताट घेऊन जिना उतरला. सासरे थोडा वेळ घुटमळले आणि मग, का कोण जाणे, त्याच्या मागे गेले. खाली भांडं पडल्याचा आवाज झाला, मग दुसरं पडलं. बराच वेळ गेला. मग जिन्यातून हाक आली, "आई, खोबरं कुठंय?"

सासूबाईंनी पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घातली.

"हुडक," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."