कानात नाव सांगणाऱ्या रत्नाकाकू

अमेरिकेतल्या पार्सिपनीत कुठेही चार मराठी माणसं जमली, की मनोहरकाकांच्या खांद्यामागे रत्नाकाकू उभ्या असणारच. दोन वर्षांपूर्वी काकांना छोटा स्ट्रोक आला. हातपाय वाचले, पण माणसांची नावं डोक्यातून पार पुसली गेली. तेव्हापासून समोरून कुणी येताना दिसलं की काकू ओठ न हलवता पुटपुटायच्या, "शंतनू. नागपूरचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय." की लगेच काका, "काय शंतनू, गुडघा काय म्हणतोय?" मागाहून सगळे म्हणायचे, "काकू, तुम्ही आहात म्हणून काका आहेत!" काकू "छे हो, काहीतरीच" म्हणायच्या आणि पुढच्या कौतुकासाठी कान टवकारून ठेवायच्या.

सगळं छान चाललं होतं. मग मेलिसा उगवली.

मेलिसा रिहॅब सेंटरमध्ये मेंदूचे व्यायाम करून घ्यायची. पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवा. दिवसभरात काय काय केलं ते उलट्या क्रमाने सांगा. चेहऱ्याला एखादं चित्र चिकटवा, म्हणजे नाव निसटणार नाही. काका घरीही टॅबलेट घेऊन बसायचे, शाळकरी पोरासारखी जीभ बाहेर काढून. काकू त्यांना सेंटरला ड्राइव्ह करून न्यायच्या आणि बाहेर विणकाम करत बसायच्या. आतून आवाज यायचा, "ग्रेट जॉब, मॅनो!"

मॅनो! लग्न झाल्यापासून काकू नवऱ्याला 'अहो' म्हणत आल्या, आणि ही भवानी नाव अर्धं कापून वापरते!

त्यात पंचाईत अशी की व्यायाम लागू पडत होते. एकदा काका यादी न नेता इंडियन स्टोअरमधून सगळं सामान घेऊन आले. अगदी हिंगसुद्धा. काकूंनी पिशवी दोनदा उपसली.

"काही राहिलं नाही ना?" काकांनी खुशीत विचारलं.

"कोथिंबीर जून आणलीत," काकू म्हणाल्या.

अशात उर्वीकडे वास्तुशांत निघाली. उर्वी म्हणजे काकूंच्या मैत्रिणीची लेक. तिचं पहिलं लग्न रवीशी झालं होतं, ते मोडलं. कसं मोडलं ते गावभर ठाऊक, पण तिच्यासमोर ते नाव काढायचं नाही हेही गावभर ठाऊक. आता देवांगशी दुसरा संसार आणि नवं घर.

जाताना गाडीत काका म्हणाले, "रत्ना, आज तू नावं सांगू नकोस हं. मेलिसा म्हणते मी रेडी आहे. अगदीच अडलो तर तुझ्याकडे बघेन."

काकूंनी ब्रेक असा दाबला की मागच्या सीटवरची बर्फी खाली आली.

आणि काका खरंच रेडी होते! बेसमेंटमध्ये पंगत बसायच्या आत त्यांनी अर्ध्या पाहुण्यांना नावानिशी गाठलं. "पुरुषोत्तमराव, मोतीबिंदू काढला का?" मागे काकू रिकामी प्लेट धरून उभ्या. तेवढ्यात पाहुण्यांतली शिवांगी म्हणाली, "काकू, आता निवांत बसा की! काकांना तुमची गरजच उरली नाही."

ते नेमकं वर्मी बसलं. आणि त्याच क्षणी देवांग हात पसरून समोर आला. काकांनी तोंड उघडलं, पण जुन्या सवयीने मान मागे वळली. काकूंना फक्त एवढंच हवं होतं, की ते जरासे अडखळावेत. एखादं साधंसुधं चुकीचं नाव पुरलं असतं. पण जळणाऱ्या माणसाला निवड कुठली सुचायला?

"रवी," काकू पुटपुटल्या.

"अरे रवी! घर काय सुंदर घेतलंयस!" काकांचा आवाज खणखणीत.

मठ्ठा ढवळणारा उर्वीचा हात थांबला. देवांग भला माणूस, "देवांग, काका," म्हणून हसला. काकांचा चेहरा मात्र पांढराफटक. कोपऱ्यातली खुर्ची गाठून ते जेवण होईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टॅबलेट ड्रॉवरमध्ये टाकला. "मेलिसाची अपॉइंटमेंट कॅन्सल कर. हे डोकं काही सुधारत नाही आता."

झालं! काका पुन्हा काकूंचे. काकू मनातून खूश व्हायला निघाल्या होत्या, तेवढ्यात ओट्याशी उभे असलेले काका म्हणाले, "रत्ना, साखर कुठल्या डब्यात असते गं?"

रोज सकाळचा चहा करणारा हा माणूस! काकूंनी साखरेचा डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"अहो, तुम्ही चुकला नाहीत. मीच मुद्दाम रवी म्हणाले."

"मुद्दाम?"

"हो. मेली ती मेलिसा... माझं काही कामच उरलं नव्हतं."

काका बघतच राहिले. "अगं, मला देवांग आठवलं होतं! त्याच्या दाढीला मी देवघरातली समई टांगून ठेवली होती. पण तू रवी म्हणालीस. वाटलं, रत्ना कशी चुकेल? माझंच डोकं फिरलंय."

काकूंना रडू फुटलं. आता बोलणी बसणार, बसायलाच हवीत, म्हणून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. पण काकांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे मी बरोबर होतो!" त्यांनी फोन उचलला आणि न बघता नंबर दाबला.

"पाठ आहे तिचा?" काकूंचं रडू थांबलंच. "आणि आधी उर्वीला करा की हो!"

"तो फोन तुझा. खरं काय ते सांग तिला." एवढं बोलून काका घरामागच्या लाकडी डेकवर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. "मेलिसा! मॅनो हिअर!"

काकूंनी उर्वीला फोन लावला. रिंग वाजत होती, माफीचं पहिलं वाक्य काही जुळत नव्हतं, आणि काकू काचेतून बघत होत्या, एवढं हसण्यासारखं ती बया सांगतेय तरी काय!