बांगडा मी खाल्ला होता

मी जेवत होते आणि तिघंजण माझ्या तोंडाकडे बघत होते.

मुलुंडचं हॉटेल. दुपारची वेळ. काचेचं दार, थंडगार हवा, टेबलावर इस्त्रीची पांढरी चादर. आणि ताट एकच. माझ्यापुढे. समोर आमच्या पाक्षिकाचे संपादक, त्यांच्या शेजारी गंमत बघायला आलेल्या महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई, आणि हात जोडून उभा असलेला हॉटेलचा मालक. संपादकांपुढे नि बाईंपुढे बाटलीतलं सरबत, स्ट्रॉ घालून.

"खा गं, लाजतेस काय?" संपादक म्हणाले. त्यांना सगळे सर म्हणायचे. मीपण.

मी बांगड्याचा तुकडा मोडला. बाई पुढे वाकल्या. "काटा कसा काढतेस गं? जिभेनेच? अय्या, दाखव ना!"

मी दाखवला. तोंडातून काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. बाई नाकाला रुमाल लावून हसल्या. म्हणाल्या, "तुम्हा लोकांना जन्मतःच येतं ना हे."

एकोणीस वर्षांची होते मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. लवकर संपवावं म्हणून भराभर गिळायला लागले, तर सर वहीवर पेन टेकवून म्हणाले, "हळू. नीट चावून खा. मला टिपून घ्यायचंय."

हे माझं काम होतं. म्हणजे नेमणूक टायपिस्टची होती. वडिलांची गिरणी संपात गेली ती गेलीच, म्हणून मी मराठी टायपिंगची परीक्षा देऊन या पाक्षिकात लागले होते. पाक्षिकात सरांचं एक सदर होतं, हॉटेलांविषयीचं. लोक ते वाचून रविवारी जेवायला जायचे. सदराचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आम्ही चाखलं." आणि सर तर अंडंही खायचे नाहीत. घरच्या डब्याशिवाय बाहेरचं चहा-सरबत तेवढं घ्यायचे. पण जाहिराती द्यायचे ते मासळी-मटणवाले. मग करायचं काय? मला न्यायचं. मी खायचं, मी सांगायचं, त्यांनी लिहायचं, आणि परत मीच टाइप करायचं. "आम्ही चाखलं."

सुरुवातीला मला ते भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू? फुकट जेवण, रिक्षातून फिरणं. सर गोड बोलायचे. "तुझ्या जिभेवर आमचा अंक चालतो गं." मी घरी येऊन हे आईला दोनदोनदा सांगायचे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं आडनाव कोकणातल्या चार जातींत सापडतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "म्हणजे तुम्ही मालवणकडचे मराठे. मासे म्हणजे जीव की प्राण!" आम्ही बौद्ध. मी हो म्हटलं नाही. नाहीपण म्हटलं नाही. नुसती हसले. त्या हसण्यावर मी दीड वर्ष नोकरी केली.

तर त्या दिवशी मुलुंडला सरांनी विचारलं, "हं, काय जाणवतंय?"

मी सांगितलं, "सर, खवखवतोय. ओठ चुरचुरतायत. मांस काट्यावरून आपोआप सुटतंय. बांगडा शिळा आहे."

मालकाचे जोडलेले हात सुटले. सर हसून म्हणाले, "अगं, तिखट असेल." आणि वहीत काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी माझ्या अंगावर गांधी उठल्या. तोंड लालभडक. आईने आमसुलाचं पाणी चोळलं आणि विचारलं, "खय खाल्लंस गो शिळो बांगडो?" बघितल्याबरोबर ओळखलं तिने. मी हॉटेलचं नाव सांगितलं. आईने कपाळाला हात लावला.

आईला मासळीतलं कळायचं म्हणजे कळायचंच. गिरणी गेल्यावर तिने भांडुपला आमच्या खोलीपुढच्या पडवीत खानावळ काढली होती. आक्काची खानावळ. दोन बाकडी, चार टेबलं. आजूबाजूच्या कारखान्यातले कोकणातले गडी यायचे, आणि एका कारखान्यात दुपारचे डबे जायचे. पहाटे कोळणीच्या पाटीपाशी बसून आई एकेका बांगड्याचा कल्ला उघडून बघायची. लाल नसला की उठायची. त्या दिवशी मग नुसती डाळ आणि सुकटीची चटणी. पण शिळं नाही. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे घट्ट तिखट कालवणात, ती तिरफळं ठेचून टाकायची. तिरफळ माहीत नसलं तर सांगते, सुकं छोटं फळ असतं, ते मासळीत घातलं की ओठ नि जीभ गोड झिणझिणतात. गावची आठवण येते म्हणून गडी बोटं चाटायचे.

पुढच्या सोमवारी सरांचं हस्तलिखित माझ्या मशीनवर आलं. "आम्ही चाखलं. बांगडा इतका कोवळा की काट्यावरून आपोआप सुटावा. आणि ओठांवर रेंगाळणारी ती अस्सल तिरफळाची झिणझिण!"

तिरफळ? त्या ताटात औषधालासुद्धा तिरफळ नव्हतं. सरांनी ते कुठल्यातरी पाककृतीच्या पुस्तकात वाचलेलं. माझ्या खवखवण्याला त्यांनी तिरफळ करून टाकलं. शेवटच्या पानावर त्याच हॉटेलची पानभर जाहिरात.

मी म्हटलं, "सर, मी असं नव्हतं सांगितलं."

"तू चव सांगायची. भाषा माझी."

मी टाइप केलं. एकही चूक न करता. खाई त्याला खवखवे म्हणतात. खवखवलं मला, नाव झालं त्यांचं.

त्याच वर्षी सरांनी पुरस्कार काढला. उपनगरातलं पहिल्या नंबरचं मांसाहारी जेवण. लाकडी फळीवर बसवलेली, चांदीचा मुलामा दिलेली पळी. वाचकांनी अंकातलं कूपन कापून आवडत्या हॉटेलचं नाव लिहून पाठवायचं. कूपनं माझ्याच टेबलावर यायची. आणि काय सांगू, सगळ्यात मोठा गठ्ठा आक्काचा! तेलकट बोटांचे ठसे उमटलेली, वाकड्यातिकड्या अक्षरांतली कूपनं. गड्यांनी अंक विकत घेऊन भरलेली. मी ती छातीशी धरली होती, टेबलाखाली, कोणी बघू नये म्हणून.

"ही आक्का कोण?" सरांनी विचारलं.

हीच वेळ होती. "माझी आई" एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द.

मी म्हटलं, "भांडुपला खानावळ आहे वाटतं."

वाटतं!

सर म्हणाले, लोक उद्या विचारतील, जाऊन तर यायला हवं. मी आईला आधी सांगू शकले असते. नाही सांगितलं. सर आयत्या वेळी जायचं रद्द करतील असं मनाशी म्हणत राहिले. ते आले. बाईपण आल्या. मीपण गेले, त्यांच्या मागून, माझ्याच गल्लीत, पाहुणी होऊन.

आई पडवीत होती. मला बघून तिचं तोंड उघडलं. "काय गो" ओठांवर आलेलं मी बघितलं. मी मान खाली घातली. बस, तेवढंच केलं मी. आई तिथल्या तिथे समजली.

"बसा बाई," ती मला म्हणाली. "हात धुवूक पाणी थय आसा."

मला. बाई.

सर आत शिरले नि भिंतीकडे बघून थबकले. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. सर बाकड्याच्या अगदी टोकावर बसले. महिला मंडळाच्या बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि पाण्याचा पेला बोटाने लांब सरकवला. मग सर माझ्याकडे झुकले. हळू आवाजात, काळजीने विचारलं, "तू खाशील ना इथे? तुला चालेल?"

तीन हातांवर आई उभी होती. हातात ताट.

मी म्हटलं, "थोडंसं खाईन."

आज इतकी वर्षं झाली. हे वाक्य मी कोणाला सांगितलं नव्हतं. जेवताना अजून मधेच आठवतं आणि घास फिरतो.

पलीकडे तात्या जेवत होते. आमचे रोजचे गिऱ्हाईक, मला परकरात असल्यापासून ओळखणारे. ते म्हणाले, "अगो, तू हय खय..." आईने मधेच त्यांच्या ताटात भात ओतला. "तात्यानू, जेवा गपचूप."

मी खाल्लं. आईच्या हातचं तिखलं. ताजा फडफडीत बांगडा, तिरफळाने ओठ झिणझिणायला लागले. सरांनी वही काढली. "काय जाणवतंय?"

"ओठ झिणझिणतायत."

"अच्छा. म्हणजे त्या दिवशीसारखंच? तू तेव्हा शिळा म्हणाली होतीस."

मला म्हणता आलं असतं, सर, हे तिरफळ आहे, ते शिळं होतं. पण म्हटलं, जास्त बोलले तर विचारतील तुला इथलं कसं माहीत. फोटो भिंतीवर होता. मी गप्प बसले. सरांनी लिहिलं.

"आजून भात वाढू काय बाई?" आईने विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं.

छापून आलं ते असं: "आम्ही चाखलं. ओठांना खवखव जाणवली. मासळीच्या ताजेपणाविषयी शंका वाटते. स्वच्छतेबाबत न बोललेलंच बरं." टाइप कोणी केलं? मीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

कारखान्यात कोणीतरी कात्रण फलकावर लावलं. आठवड्याच्या आत दुपारचे डबे बंद झाले. गड्यांतलेही काही यायचे बंद झाले. त्यांना चव माहीत होती ना? होती. तरी छापलंय म्हणजे काहीतरी असेल, असं म्हणाले. आईला वाचता येत नव्हतं, तिने ते तात्यांकडून वाचून घेतलं. मला काही विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ताट वाढून पुढे ठेवायची नि म्हणायची, "जेवा बाई."

घरात. आम्ही दोघीच असताना. रोज.

पळी अर्थातच मुलुंडच्या हॉटेलला मिळाली. रविवारी दुपारी त्याच गार हवेत समारंभ. हार, मानपत्र, फोटोवाला. मानपत्रही मीच टाइप केलेलं. सर मोठ्याने म्हणाले, "आमच्या ह्या मुलीची जीभ म्हणजे काटा! चल गं, मंडळींसमोर चाखून सांग." मालकाने बांगड्याचं ताट पुढे केलं. सगळे बघायला लागले. तीच चादर, तेच ताट.

मी ताट उचललं आणि सरांपुढे ठेवलं. म्हटलं, "सर, आज तुम्ही खा."

"अगं, मी शाकाहारी. सगळ्यांना ठाऊक आहे!" ते म्हणाले, आणि लोक हसले. खरंच हसले. सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलेलं, केवढं गुपित फोडतेय मी.

तरी बोलले. "मग आम्ही चाखलं असं लिहू नका. चाखलं मी. इथला बांगडा शिळा होता, माझ्या अंगावर गांधी उठल्या. भांडुपचा ताजा होता, त्यात तिरफळ होतं. आणि आक्का माझी आई आहे."

हसणं थांबलं. महिला मंडळाच्या बाई आपल्या हाताकडे बघायला लागल्या. मघाशी त्यांनी माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं होतं. सर हळूच म्हणाले, "नोकरी मागताना हे सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. अंदाज बांधलात. मी तो मोडला नाही, ही माझी चूक. आता मोडला."

नोकरी गेली. घरी आले, ताठ मानेने, मोठा पराक्रम करून आल्यासारखी. आई मासळी साफ करत होती. मी सगळं सांगितलं. तिने कोयतीवरून नजरसुद्धा उचलली नाही.

"थय सांगलंस," ती म्हणाली. "त्यांका काय फरक पडता? परकी होऊन बसलंस ता हय. सांगूचा तर हय सांग."

बरोबर होतं तिचं. मुलुंडला गमवायला फक्त नोकरी होती. इथे तात्या होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातआठच माणसं जेवायला होती. मी पडवीच्या मधोमध उभी राहिले. म्हटलं, "पेपरात आलं ते माझ्यामुळे आलं. त्या दिवशी मी इथे परकी म्हणून बसले. मला लाज वाटत होती, आईची नि ह्या भिंतीची. बांगडा ताजा होता, हे मला माहीत होतं. मी गप्प बसले."

तात्यांनी वर बघितलंच नाही. एकजण ताट अर्धवट टाकून उठला आणि हात धुवून निघून गेला. मला वाटलं आई आता तरी जवळ घेईल. तिने भाताचं पातेलं माझ्यापुढे केलं. "वाढा बाई."

मी वाढलं. त्या दिवसापासून वाढतेय. बंद झालेले डबे परत कधी सुरू झाले नाहीत, आणि ती पळी त्या हॉटेलच्या काउंटरमागे कितीतरी वर्षं टांगलेली होती.

आता कोणी विचारलं, तू कोण, तर मी आधी आईचं नाव सांगते, मग जात, मग माझं नाव. ते ऐकून ज्याला उठायचं असेल त्याने हात धुवायच्या आधी उठावं. आणि कोणी वही काढून चव विचारली, तर मी त्याच्यापुढे ताट ठेवते. आधी खा. काटा लागू दे, ओठ झिणझिणू देत. मग लिही, आणि खाली तुझं नाव घाल. माझ्या तोंडाने यापुढे कोणी जेवायचं नाही.